पाण्याचा हिशेब

आमच्या यवतमाळकडे दारी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, नाव मागाहून. आणि ते योग्यच आहे. वैशाखात येथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गावोगाव पाणपोया लागतात, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या रांजणापुढे श्रीमंत-गरीब सारखेच ओंजळ धरून उभे राहतात. माझ्या आईने आयुष्यात कोणाला पाण्यावाचून परत पाठवले नाही. अशा आईच्या पोटी जन्मून मी मात्र सदतीस वर्षे तहानेल्या माणसांना पाणी नाकारीत आले!

वाचकहो, दचकू नका. मी परिचारिका होते. ज्याची मूत्रपिंडे थकली त्याला पाणी मोजून द्यावे लागते आणि मीठही मोजून. ज्याला जुलाब-वांत्यांनी पिळून काढले आहे त्यालाही मोजूनच द्यावे लागते. पण त्याला भरपूर. कित्येकदा ही दोन्ही माणसे एकाच वॉर्डात असत. चौथ्या खाटेपाशी "घ्या हो आजोबा, अजून एक पेला घ्या" अशी विनवणी करायची आणि तशीच वळून सातव्या खाटेवरच्याला "आता सहा वाजेपर्यंत नाही" असे बजावायचे. नव्या मुली या दोन वाक्यांत गोंधळत. मीही गोंधळले होते. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तेव्हा या मोजलेल्या पेल्याचा इतिहास कोठे सापडतो का, म्हणून पुस्तके धुंडाळू लागले. त्यांत डॉक्टरांची नावे आहेत, यंत्रांची चित्रे आहेत. पेला मोजणारी बहुधा नाही. तरी ओळींच्या मधून ती दिसते, आणि कुठे ती नसल्याचेही दिसते.

माझी आजी पटकीच्या गोष्टी सांगे. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात वऱ्हाडात अन्नाअभावी जेवढी दाणादाण झाली, तिच्यात पटकीने भर घातली. गावाबाहेर मरीमायला नैवेद्य जाई आणि घरात रोगी "पाणी, पाणी" करी. आजीने तिच्या आईकडून ऐकलेले असे, की त्याला पाणी देत नसत. दिले की उलटते, म्हणजे पाण्याने रोग वाढतो, असा समज. हा अडाणीपणा केवळ आमच्या खेड्यातला म्हणावा, तर तसेही नाही. त्या काळचे कित्येक शिकलेले गोरे डॉक्टरही पटकीच्या रोग्याला पाणी वर्ज्य करीत आणि वर जुलाब देत.

मौज अशी की खरे कारण त्याच्या कितीतरी आधी सापडले होते. १८३१ साली विल्यम ब्रूक ओशॉनेसी नावाच्या बाविशीतल्या आयरिश डॉक्टरने इंग्लंडात पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासले. त्यातले पाणी गेले आहे, क्षार गेले आहेत; तेव्हा ते परत घालावे, असे त्याने छापून सांगितले. (हाच गृहस्थ पुढे कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा त्याने टाकल्या. एकाच जन्मात माणसे किती कामे करीत!) त्याचे ऐकून १८३२ साली स्कॉटलंडातल्या लीथ गावी टॉमस लाटा या डॉक्टरने एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. तीन लिटरांहून जास्त गेले. बाईचे बसलेले डोळे चमकले, नाडी लागली, ती बोलू लागली. आता धोका टळला असे समजून लाटा तिला तेथल्या डॉक्टरच्या हवाली करून गेला. थोड्याच वेळात जुलाब-वांत्या पुन्हा सुरू झाल्या. जेवढे घातले होते तेवढे पुन्हा गेले आणि साडेपाच तासांत ती बाई गेली.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले. सलाईनचा शोध लागला होता आणि रोगी जिवंत झाला होता. उणे होते ते एवढेच, की किती गेले आणि किती घालायचे हे मोजत खाटेशी बसणारे कोणी नव्हते. पुढे सत्तरएक वर्षे ही विद्या जवळजवळ अडगळीत पडली. पाणी निर्जंतुक नसे, अगदी शेवटच्या घटकेच्या रोग्यावरच प्रयोग होत, अशीही कारणे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी ती पुन्हा उजळली आणि मृत्यू सुमारे निम्म्यावर आणले. आज खेड्यातली म्हातारीसुद्धा "सलाईन लावा" म्हणून हट्ट धरते, त्या सलाईनची ही कुळकथा.

मूत्रपिंडाची कथा याच्या उलट बाजूने चालते. १८२७ साली लंडनच्या गाय्ज रुग्णालयात रिचर्ड ब्राइट हे सुजलेल्या रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवीत. अंड्याच्या बलकाभोवतीचा पांढरा भाग शिजल्यावर जसा गोठतो, तशी ती गढूळ होई. ज्यांची अशी होई, त्यांची मूत्रपिंडे मेल्यावर पाहिली तर बिघडलेली असत. रोग ओळखता आला. उपाय मात्र पुढची शंभर वर्षे नव्हता. मुठीएवढे दोन अवयव, पण दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात, त्यातले जवळजवळ सगळे परत घेतात आणि दीड लिटर तेवढे टाकतात. काय ठेवायचे, काय टाकायचे, याचा असा चोख हिशेब एखाद्या पेढीवरचा मुनीमही ठेवीत नसेल. हा मुनीम आजारी पडला की पाणी साचते, पाय आणि तोंड सुजते, फुप्फुसात पाणी भरून माणूस घुसमटतो. आणि याहून दगाबाज म्हणजे पोटॅशियम साचते. आमच्या कास्तकारांना मी ते "पालाश" म्हणून सांगत असे. नत्र, स्फुरद, पालाश यांतला पालाश. पिकाला तो हवा, हृदयालाही हवा, पण बेताने. रक्तात तो फार वाढला की हृदय काही न बोलता थांबते.

हॉलंडमधल्या विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरच्या वॉर्डात १९३८ साली बावीस वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा असाच हळूहळू गेला. काळा पोशाख केलेल्या त्याच्या आईला, "तुमचा मुलगा वाचत नाही" हे कोल्फना सांगावे लागले. रोज एवढासा कचरा जरी रक्तातून काढता आला असता तर, या विचाराने त्यांना झोप येईना. कैरीच्या खारवलेल्या फोडी साध्या पाण्यात टाकल्या तर मीठ पाण्यात उतरते, तत्त्व एवढेच. कोल्फनी सॉसेज भरण्याच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळल्या, त्यांतून रक्त खेळवले आणि पिंप क्षाराच्या पाण्यात फिरवले. हे १९४३ साल, गाव कांपेन, आणि देश जर्मनांच्या टाचेखाली! पहिल्या पंधरासोळा रोग्यांपैकी यंत्रामुळे निश्चित वाचला म्हणावा असा एकही नव्हता. सप्टेंबर १९४५ मध्ये सदुसष्ट वर्षांची सोफिया शाफस्टाट ही वाचली. ती जर्मनांना सामील झाल्याबद्दल कैदेत होती. गावात तिच्याविषयी कोणाला प्रेम नव्हते. कोल्फनी तिला वाचवले. शुद्धीवर येताच तिने पहिले काय सांगितले म्हणाल? तर "मी आता नवऱ्याशी काडीमोड घेणार." असे सांगतात, आणि पुढे घेतलाही म्हणे.

तरी हे यंत्र थोड्या दिवसांच्या संकटापुरतेच होते, कारण दर खेपेस शीर कापावी लागे. १९६० साली अमेरिकेत सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची टेफ्लॉनची नळी बसवली आणि क्लाइड शील्ड्स हा रोगी पुढे अकरा वर्षे जगला. यंत्रे थोडी, रोगी फार. तेव्हा कोणाला जगवायचे हे ठरवायला सात नागरिकांची समिती बसवली! मला त्या समितीपेक्षा दाराबाहेर बसलेल्या बायकामुलांचा विचार अधिक येतो.

आपल्याकडे १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे उपचार सुरू झाले. पण "डायलिसिस" हा शब्द मराठी घरांत शिरला तो जयप्रकाशजींमुळे. २६ जून १९७५ ला त्यांना अटक झाली, चंदीगडला ठेवले, आणि नोव्हेंबरात सुटल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निष्पन्न झाले. मी तेव्हा नागपुरात शिकाऊ परिचारिका. वसतिगृहात आम्ही मुली दबक्या आवाजात विचारीत असू, की रक्त बाहेर काढून धुतात म्हणजे करतात तरी काय? आमच्यापैकी एकीनेही ते यंत्र पाहिलेले नव्हते. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असतानाच त्यांच्या निधनाची वार्ता खुद्द लोकसभेत सांगितली गेली आणि ती खोटी निघाली. आमच्या वॉर्डात रेडिओवर ते ऐकून रोगीसुद्धा रडले आणि मग हसले. त्यानंतर ८ ऑक्टोबरला, पाटण्यास, ते खरोखरच गेले. चार वर्षे यंत्राच्या आधाराने ते जगले, पण त्या चार वर्षांत पंतप्रधान झाले, पडले, नवे सरकार आले. मूत्रपिंडे नसलेल्या माणसाने देश हलवला, असे आमच्या मेट्रन म्हणत.

मुंबईत यंत्र होते. आमच्याकडे काय होते? एस.टी. होती. नागपूरची किंवा सेवाग्रामची वाट होती. आणि पेला होता.

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या लहान रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. चूक माझी होती. मी नोकरीला लागून दोन वर्षे झाली होती. मूत्रपिंडे बंद पडलेला एक चोवीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे होता. दुसऱ्या दिवशी त्याला नागपूरला हलवायचे ठरले होते. ऐन मे महिना. त्याच्या विधवा आईला मी परिचारिकेच्या खास आवाजात बजावले, "पाणी द्यायचे नाही!" आणि पुढच्या खाटेकडे गेले. का, ते सांगितले नाही. सांगायला वेळ नव्हता असे मी तेव्हा म्हणाले असते.

पहाटे चार वाजता मी नाडी पाहायला गेले तर ती मंद आणि अडखळती. माउली उठून बसली आणि मोठ्या समाधानाने मला म्हणाली, "बाई, पानी एक थेंब नाही देल्लं. तुमी नाही म्हटलं न. लेकरू तरफडून राह्यलं होतं, म्हणून स्टँडावरून दोन नारय आनले न पाजले."

शहाळी तेव्हा आमच्याकडे महाग. तिची दोन दिवसांची मजुरी गेली असणार. नारळाच्या पाण्यात पालाश ठासून भरलेला असतो. डॉक्टर धावत आले, इंजेक्शने दिली. उजाडायच्या आत तो मुलगा गेला. डॉक्टर मला म्हणाले, "पोटॅशियम आधीच कड्यावर होते, सिस्टर. ईसीजीतच दिसत होते. तो कदाचित तसाही गेला असता." त्या "कदाचित"वर मी आजवर जगले आहे. आईला मी काही सांगितले नाही. ते सांगितले नाही हे योग्यच झाले असे मला वाटते. आदल्या संध्याकाळी सांगायला हवे होते.

त्याचे रक्त तपासणीसाठी नागपूरला गेले होते. आकडा आला तिसऱ्या दिवशी.

हा आकडा कसा काढीत, ते दिवाळीच्या दिवसांत सांगण्यासारखे आहे. फ्लेम फोटोमीटर नावाचे यंत्र असे. रक्तातला पाण्यासारखा भाग पातळ करून त्याचा फवारा ज्योतीत सोडायचा. सोडियम असेल तर ज्योत पिवळी होते, पोटॅशियम असेल तर फिकी जांभळी. रंग जेवढा गडद तेवढा क्षार जास्त. तुमची मुले रंगीत आगकाड्या ओढतात, त्यांतली लाल काडी स्ट्राँशियमची आणि हिरवी बेरियमची. त्याच कुळातली ही विद्या. १९४० नंतरच्या दशकात ती रुग्णालयांत आली. त्यापूर्वी पोटॅशियम मोजायचे म्हणजे रसायनशाळेतला एक किचकट खटाटोप होता. मला मात्र तेव्हापासून फिकी जांभळी ज्योत पाहिली की फटाक्यांची आठवण होत नाही.

पुढे केव्हातरी बनगावची हकीकत वाचली. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित तेथे दाटले होते, पटकी पसरली होती, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करून पिंपांत भरले, आणि पाजायचे काम कोणाला दिले? रोग्यांच्या आईबापांना, भावाबहिणींना. छावणीतले मृत्यू शंभरात तिसांच्या आसपास होते, ते तिनांच्या आसपास आले. मी ते वाचले आणि मला आमचा तो मुलगा आठवला. त्याची आई माझी शत्रू नव्हती. रात्रभर जागणारी ती एकटीच होती. तिच्या हाती मी फक्त एक नकार दिला होता.

१९८६ च्या दिवाळीला कापूस वेचताना घोणस चावलेली एक सव्वीस वर्षांची बाई आली. घोणसचे विष रक्ताचे गोठणे घालवते. कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे घड्याळ पाहायचे. हिचे पाण्यासारखे पातळच राहिले. प्रतिविष दिले, रक्त ताळ्यावर आले. पण तिसऱ्या दिवशी लघवी बंद. नाग, मण्यार, फुरसे यांच्यापेक्षा आमच्या वॉर्डात घोणसचा धाक मोठा तो एवढ्यासाठी.

यंत्र नव्हते. आमच्या डॉक्टरांनी पोटात नळी घालून पोटाच्या अस्तराचीच चाळणी केली. बादलीत कोमट केलेल्या दोन बाटल्या, म्हणजे दोन लिटर, आत सोडायच्या, अर्धा तास ठेवायच्या, बाहेर काढायच्या, मोजायच्या, लिहायच्या. दोन लिटर गेले आणि दोन लिटर शंभर आले, तर शंभर मिली आपले साधले. मग पुन्हा. दोन दिवस, दोन रात्री. बाहेर लक्ष्मीपूजनाचे बार उडत होते आणि आम्ही दोघी परिचारिका पाळीपाळीने बाटल्या टांगत होतो. चार दिवसांनी पुन्हा एकदा तेच करावे लागले.

मधल्या दिवसांत हिशेब असा: काल जेवढी लघवी झाली तेवढे, अधिक अर्धा लिटर, दिवसाला त्याहून पाणी नाही. चूळ भरून टाकायला हरकत नाही. ओठांना लोणी लावायचे. फार झाले तर बर्फाचा खडा चघळायचा, तोही पाण्यातच धरायचा. संत्री, केळी, शहाळे वर्ज्य. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकायचे. रोज वजन.

या वेळी मी तिच्या सासूला घेऊन बसले. अक्षरशत्रू बाई. तिला खारवलेल्या फोडींची गोष्ट सांगितली, मुनिमाची सांगितली, पालाशाची सांगितली. ती म्हणाली, "म्हंजे बाई, नाला बुजला हाये. वरून पानी सोडलं त बांध फुटन." यापेक्षा चांगले मला पुस्तकात सापडलेले नाही. पन्नास मिलीचा एक पेला मी तिला दिला, आणि आज दहा पेले असे सांगितले. तिने पदराच्या गाठीतून सरक्या काढल्या. दहा सरक्या एका वाटीत. पेला दिला की एक सरकी दुसऱ्या वाटीत. सून रडली, शिव्या घातल्या, एकदा तिने वाटी उधळली. सासूने खाटेखाली वाकून दहाही सरक्या वेचून काढल्या. आणि स्वतः ती सुनेसमोर पाणी पीत नसे. वऱ्हांड्यात जाऊन पिई.

बाराव्या दिवशी चारशे मिली लघवी झाली. मग नऊशे. मग दोन लिटर. पंधराव्या दिवशी साडेतीन लिटर! नाला उघडला होता, आणि आता नवेच संकट: पाण्याबरोबर क्षारही वाहून चालले. ज्या बाईला काल घोट नाकारला तिला आज पाजत राहायचे, मीठ द्यायचे आणि ती वर्ज्य केलेली केळीसुद्धा डॉक्टरांना विचारून द्यायची. लीथची ती म्हातारी याच उताराला गेली होती. सासूला हे उलटे शास्त्र पटवायला मला वाटले होते वेळ लागेल. तिने फक्त वाटीकडे पाहिले आणि म्हणाली, "मंग सरक्या पुरत नाहीत." संध्याकाळी गावाहून आलेल्या नवऱ्याकडून तिने धोतराच्या सोग्यात मूठभर मागवल्या.

२०१६ सालापासून केंद्राच्या योजनेतून जिल्ह्याच्या रुग्णालयांत डायलिसिसची यंत्रे बसू लागली. आमच्या वेळी ज्यांना एस.टी.त बसवून देत असू, ते आता आठवड्यातून दोनतीनदा चार-चार तास यंत्राशी झोपून घरी जातात. पोटॅशियमचा आकडा मिनिटांत येतो. मी एकदा पाहायला गेले होते. यंत्र आपले आपण सगळे मोजते. पण दोन खेपांच्या मधले दिवस रोगी घरीच असतो, आणि दिवाळीचा फराळ समोर असतो. तेथल्या मुलीने एका रोग्याचे वजन घेऊन, "काका, परवापासून चार किलो कुठून आणले?" असे विचारले, तेव्हा मला आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले.

एकविसाव्या दिवशी ती बाई चालत घरी गेली. निघण्यापूर्वी मी सहज चेष्टेने सासूला म्हटले, "आत्या, शेवटच्या दिवसाचा तुमचा हिशेब आणि माझा हिशेब ताडून पाहू." मी तक्ता काढला. तिने वाटीतल्या सरक्या ओसरीवर ओतल्या आणि पाच-पाचांचे पुंजके लावले. तिची एक सरकी जास्त भरली. मी पुन्हा बेरीज केली. तरी तिची एक जास्तच. मग ती हळूच म्हणाली, "रातच्या दोन वाजता तुमीच देल्ला होता न बाई. म्या झोपली नोती."

तो पेला मी लिहायला विसरले होते.